आईच्या रेडिओत घुरघुर येते: पणजी केंद्राचं बोलणं कोणाकोणाला आठवतं?

कुळागर (१९ ऑगस्ट २०१९, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी.

आई सत्तरी तालुक्यात, केरीच्या पुढे आमच्या जुन्या घरी असते. वय ७८. मी फोंड्याला, शनिवार-रविवार जातो. तिच्या सोप्यावर खिडकीत एक ट्रान्झिस्टर आहे, दोन मोठ्या सेलांचा. पहाटे उठल्यावर चूल पेटायच्या आधी तो लागतो. टीव्हीही आहे, पण तिचं म्हणणं असं: "टीव्हीमुखार बसून रावचें पडटा. रेडियो म्हज्या फाटोफाट भोंवता." (टीव्हीसमोर बसून राहावं लागतं, रेडिओ माझ्या मागोमाग फिरतो.)

या महिन्याच्या सुरुवातीच्या पावसात आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. मोबाइलही बंद. पाणी कुठवर चढलंय, कुठला रस्ता बंद आहे, हे आईला त्या दोन सेलांनी सांगितलं. पाचव्या दिवशी मी कसाबसा पोचलो तेव्हा बाहेरच्या जगाची तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. तेवढे चार दिवस आवाज अगदी स्वच्छ होता, म्हणाली. "पणजेचो मनीस म्हज्या सोप्यार बसून उलयता (बोलतो) अशें दिसतालें."

आता मात्र सेटमधून सारखी घुरघुर येते. गाणं कसंबसं ओळखता येतं, पण बोलणं कळत नाही, आणि आईला बोलणंच हवं असतं. सेल नवे घातले, एरियल पुसून सरळ केली. फरक नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घुरघुरीवर काही उपाय? आणि आकाशवाणी पणजीचे बोलके कार्यक्रम, म्हणजे भाषणं, श्रुतिका, शेतकऱ्यांचे, बायकांचे, डॉक्टरांशी गप्पांचे, कोणाकोणाला आठवतात? गाण्यांबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मुद्दाम बोलण्याबद्दल विचारतोय. तुमचे प्रतिसाद मी आईला वाचून दाखवणार आहे.

मांडवीतीर

१२८७ किलोहर्ट्झ! आमच्या मर्फी रेडिओच्या काचेवर बाबांनी त्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. काटा ठिपक्यावर आला की पणजी.

सकाळी केंद्र सुरू व्हायच्या आधीची ती धून कोणी विसरेल का? तानपुरा आणि त्यावर व्हायोलिन. वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकाराची रचना आहे ती. हे मला चाळिशीत कळलं. त्याआधी ती धून म्हणजे आमच्या घरातली सकाळच होती. बाबा दाढीचा ब्रश कपात बुडवायचे आणि धून संपेपर्यंत फेस तयार असायचा. बातम्यांना वेणी, चिंतनाला दप्तर, आणि शेतकऱ्यांचं काही लागलं की आपल्याला उशीर झाला! घरात घड्याळ होतं, पण बघितलंय कोणी?

अबोली७

मला आरोग्याचा फोन-इन आठवतो. श्रोते फोन करून डॉक्टरांना विचारायचे. आमच्या आजीला वाटायचं की डॉक्टर तिच्याशीच बोलतायत. डॉक्टरांनी "पाणी भरपूर पिता ना?" विचारलं की ही स्वयंपाकघरातून मोठ्यानं, "पियेता रे पुता, पियेता!" आणि खरंच उठून तांब्याभर पाणी प्यायची. आम्ही शंभरदा सांगून जे केलं नाही ते रेडिओवरच्या माणसाच्या एका शब्दावर.

कुळागर, आईंना माझा नमस्कार सांगा.

शारजाहून

मोबाइलवर आकाशवाणीचं अ‍ॅप टाकून द्या. मी इथे तेच करतो. खरखर नाही, घुरघुर नाही.

कुळागर

शारजाहून, धन्यवाद, पण आमच्या घरात नेटवर्क नाही. फोन घ्यायला बांयकडे, म्हणजे विहिरीपाशी, जावं लागतं, पावसात तेही नाही. शिवाय आईला गोल बटण फिरवायची सवय. काचेवर बोट फिरवणं तिला जमत नाही, आणि आता मी तिला ते शिकवणारही नाही.

निवृत्तमास्तर

धागा वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या पिढीनं दोन रेडिओ ऐकले. पहिला एमिसोरा द गोवा, पोर्तुगीज सरकारचा, १९४६ मध्ये सुरू झालेला. पोर्तुगीज तर असेच, पण कोंकणी आणि मराठी कार्यक्रमही असत. आफ्रिकेत गेलेले आपले लोक तिकडे तो लावून बसत. आमच्या घरी सेट नव्हता. सांताक्रूझला शेजारच्या बामणाच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, मोठा लाकडी सेट होता, तिथे आम्ही पोरं बाहेर बसून ऐकायचो. त्या रेडिओवर संगीत चांगलं असे, निवेदनही गोड. पण आमच्याबद्दल जे खरं ते तिथे कधी ऐकू यायचं नाही. सेन्सॉरचा काळ तो. सत्याग्रही तुरुंगात आहेत हे गावात कुजबुजून कळायचं, सेटमधून नाही.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विमानं आली आणि बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर हल्ला झाला. मी बारा वर्षांचा. आमच्या घरापासून बांबोळीचं पठार जवळ, घराची कौलं हलली. आईनं आम्हां भावंडांना कोठारातल्या भाताच्या पोत्यांमागे बसवलं. नंतर शेजारी त्या सेटवर काटा पुढे-मागे फिरवत राहिला, आणि जिथे एमिसोरा लागायचं तिथे नुसती सूं. सबंध आवाज एका सकाळीत गेला.

जानेवारी १९६२ पासून तिथे आकाशवाणी आली. पणजीतल्या आल्तिनोच्या टेकडीवरून.

दुसरी आठवण १९६७ ची. १६ जानेवारीला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. आमच्या घरात थोरले काका फुलाचे आणि धाकटे काका दोन पानांचे. प्रचाराचे दोन महिने दोघे एका पंगतीला बसले नाहीत. पण घरात रेडिओ एकच, थोरल्यांनी नुकताच घेतलेला. मोजणीच्या दिवसांत दोघेही त्याच्यासमोर, एक खुर्चीवर, एक उंबऱ्यावर, एकमेकांकडे पाठ करून. आकडे येत गेले. शेवटी दोन पानं ३४,०२१ मतांनी पुढे राहिली. थोरले काका उठले, रेडिओ बंद केला, त्यावरचं विणलेलं कापड नीट सारखं केलं आणि धाकट्याला म्हणाले, "जेवपाक चल."

कार्यक्रमांच्या आठवणी विचारल्या होत्यात आणि मी हे लिहीत बसलो. पण माझ्या लेखी पणजी केंद्राचं सर्वांत मोठं बोलणं तेच.

अबोली७

मास्तर, डोळ्यांत पाणी आलं. "जेवपाक चल."

आंबोलीघाट

मास्तरांनी छान लिहिलंय, पण एक आवाज राहिला. गोव्याच्या रेडिओचा इतिहास एमिसोरा आणि मग आकाशवाणी असा सांगितला की मला चुकल्यासारखं वाटतं. मधली सहा वर्षं कुठे गेली?

२५ नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत एक गुप्त केंद्र चालू होतं. पोर्तुगीजमधून 'व्हॉझ द लिबरदाद', कोंकणीतून 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, दोघांनी ते चालवलं. सुरुवातीला निकोलाव मिनेझिसही बरोबर होते. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीत हाती लागलेल्या वायरलेस संचांतून ट्रान्समीटर तयार केला, तो ट्रकवर बसवला, आणि आधी आमच्या आंबोलीच्या रानातून, नंतर कॅसलरॉकहून प्रक्षेपण.

मी आंबोलीचा आहे. इथला पाऊस काय असतो ते इथल्यांनाच ठाऊक. जून ते सप्टेंबर घरातली काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवावी लागते, नाहीतर पेटत नाही. त्या दमटपणात विजेची यंत्रं कोरडी ठेवायची, रोज बातम्या गोळा करायच्या, लिहायच्या, तासाच्या ठोक्याला बोलायचं, आणि आपलं कोणी ऐकतंय का हे कळायला मार्ग नाही. सहा वर्षं! लिस्बनचं सरकार लोकांपासून जे लपवतंय ते सांगणं एवढंच काम. करमणूक नाही, फर्माईश नाही. धागाकर्त्यानं बोलक्या रेडिओबद्दल विचारलंय ना? गोव्याचा पहिला बोलका रेडिओ हा.

१९ डिसेंबर १९६१ ला हे दोघे विमानातून गोव्यावर फिरले आणि ध्वनिक्षेपकावरून गोवा मुक्त झाल्याचं जाहीर केलं. रानात लपून बोलणारा आवाज उघड्या आभाळातून आला. पुढे दोघांचं लग्न झालं. वामनराव नंतर अंगोलात भारताचे राजदूत होते. लिबियाताई आजही पणजीत आहेत.

निवृत्तमास्तर

आंबोलीघाट, माहिती अगदी खरी, आणि मी ती लिहायला हवी होती हेही मान्य. तरी थोडा वेगळा विचार मांडतो. केंद्र म्हणजे इमारत, यंत्रं, स्टुडिओ, ते चालवणारी शिकलेली माणसं. ते सगळं आपल्याकडे एमिसोरामुळे आलं. राज्य वाईट होतं म्हणून तिथल्या वादकांचं, तंत्रज्ञांचं काम वाईट होत नाही. ते आमचेच लोक होते.

आंबोलीघाट

त्यांच्या कामाला मी नाव ठेवत नाही, मास्तर. भिंती वारशानं आल्या, हे खरं. पण रेडिओवर काय बोलायचं, कोणासाठी बोलायचं, हे आंबोलीच्या रानातून आलं असं मी मानतो आणि मानत राहीन.

नैमित्तिक

मी इथे फक्त वाचायला येते, पण आज राहवत नाही. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला मी नैमित्तिक उद्घोषक होते. महिन्यातून ठरावीक पाळ्या. स्वरपरीक्षा पास झाल्याचं पत्र पोस्टमननं आणून दिलं तेव्हा मी अंगणात वाल सोलत होते. ते पत्र अजून आहे, वालाच्या डागासकट.

बाहेरच्यांना वाटायचं माइकसमोर बसून वाचायचं, झालं. पहिले सहा महिने मी फक्त कागद सरकवायला शिकले. पानं टाचायची नाहीत, एकावर एक सुटी ठेवायची. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, उचलून बाजूला घसरवायचं, नाहीतर फडफड थेट श्रोत्याच्या कानात. टेबलावर त्यासाठीच जाड कापड. लाल दिवा लागला की बांगड्या कोपराकडे सारायच्या. मी तर पाळीच्या दिवशी बांगड्या घरीच काढून ठेवत असे. सासूबाईंना ते आवडायचं नाही, पण एकदा माझा आवाज त्यांच्या माहेरी ऐकू गेला आणि मग त्याच आठवण करू लागल्या, "बांगडी काड गो."

ध्वनिमुद्रण स्पूलच्या टेपवर, सेकंदाला साडेसात इंच. पाहुणा भाषणात खोकला तर ती खोक कापायची. टेप हातानं मागे-पुढे सरकवायची, खोकल्याचा आवाज यंत्राच्या हेडवर आला की पिवळ्या पेन्सिलीनं खूण, मग ब्लेडनं तिरका छेद, दोन टोकं एकत्र, वरून चिकटपट्टी. छेद तिरका का? सरळ कापला तर जोडावर 'टक' ऐकू येतो. मला शिकवणारे तंत्रज्ञ म्हणायचे, श्वास कापू नको, माणूस मेल्यासारखा वाटतो. खोकला काढ, श्वास ठेव. आजही मोबाइलवर कापून-जोडून केलेलं बोलणं ऐकते तेव्हा मला पहिलं ते कळतं, कोणी श्वास ठेवलाय आणि कोणी नाही.

एक प्रसंग सांगते. सांग्याकडच्या एका आजींना जात्यावरच्या ओव्यांसाठी बोलावलं होतं. वय ऐंशीच्या पुढे, काष्टी नेसलेल्या. थंड खोलीत खुर्चीवर बसवलं, माइक पुढे केला. आजी गप्प. शब्दच येईनात. अर्धा तास गेला. मग त्या खुर्चीवरून उतरून खाली बसल्या, उजवा हात जमिनीवर ठेवला आणि गोल फिरवू लागल्या, मुठीत खुंटा असल्यासारखा. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग दुसरी, तिसरी, थांबायलाच तयार नाहीत. आम्ही माइक जमिनीवर उतरवला. हाताच्या घासण्याचा आवाज मुद्रणात आला. तो काढावा का, असा प्रश्न आला तेव्हा तंत्रज्ञ म्हणाले, "तें जातें न्हय? उरूं दी." (ते जातं ना? राहू दे.)

कुळागर, आईंना हे जरूर वाचून दाखवा. त्यांनी तो कार्यक्रम ऐकला असेल कदाचित.

मांडवीतीर

ताई, तुम्ही वेगळा धागा काढा. आम्ही रांगेत उभे राहू.

पेडण्याचो_वारो

मला एक बोचतं ते लिहितो. आमच्या पेडण्यात भजन, कीर्तन, नाटक सगळं मराठीत. दशावतार मराठीत. रेडिओवर मराठी बोलणं पूर्वी जास्त होतं असं माझ्या वडिलांना वाटायचं, मलाही वाटतं. कोंकणीशी माझं भांडण नाही, मी घरी कोंकणीच बोलतो. पण मराठी संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर तासभर निवांत बोललेलं ऐकायचं असेल तर आमच्या म्हाताऱ्यांनी कुठे जायचं?

तळपण

पेडण्याचो_वारो, तुमची भावना समजते, पण दुसरी बाजूही पाहा. आमच्या काणकोणात माझी आजी शाळेत गेली नव्हती. मराठी तिला समजायची, पण ती देवाची आणि पुस्तकाची भाषा. रेडिओवर आपल्या तोंडातली कोंकणी ऐकली तेव्हा ती चकित होऊन म्हणाली, "हांगा आमचेंय उलयतात?" पुस्तकाची नाही, बाजाराची, शेताची भाषा सरकारी यंत्रातून येते, हे तिच्यासाठी फार मोठं होतं. १९८७ ला राजभाषा कायदा झाला, त्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आणि मराठीलाही सरकारी वापरात स्थान. कायद्याच्या किती आधीपासून रेडिओवर दोन्ही भाषा शेजारी शेजारी बसत होत्या.

निवृत्तमास्तर

या दोघांच्या मध्ये मला बाकीबाब दिसतात. बा. भ. बोरकर १९५५ ते १९७० आकाशवाणीत होते, पुणे आणि पणजी केंद्रांवर वाङ्मय विभागात. मराठीतही तेवढेच मोठे कवी, कोंकणीतही. त्यांना कोणी विचारलं असतं का की तुम्ही कुठल्या भाषेचे? एका हातानं मराठी भाषणाची संहिता तपासणारा आणि दुसऱ्या हातानं कोंकणी कविता लिहिणारा माणूस ज्या केंद्रानं पाहिला, त्या केंद्राला दोन्ही भाषा जड व्हायचं कारण नाही. पेडण्याचो_वारो, तुमची मागणी रास्त आहे. केंद्राला लेखी कळवा, सह्या गोळा करा, माझी पहिली. पण ती कोंकणीचा वेळ कमी करून नको.

पेडण्याचो_वारो

मास्तर, कमी करा असं मी म्हटलंच नाही. तळपण, तुमच्या आजीचं वाक्य मनाला लागलं. पत्राचा मसुदा मी लिहितो, दोन्ही भाषांत.

रांपणकार

आम्हां दर्यावरच्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. हवामानाची सूचना. "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये." हे वाक्य आमच्या घरात आरतीसारखं पाठ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते, खरी काळजी ऑगस्ट-सप्टेंबरची. होड्या नव्यानं लोटलेल्या, पैशाची गरज, दर्या अजून शांत झालेला नाही. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की नाही हे आमच्या वाड्यावरून दिसत नसे. पप्पा रापणीच्या जाळ्यावर बसून रेडिओ कानाला लावायचे. सूचना ऐकली की काही न बोलता होडीची वल्ही घरात आणून उभी करायचे. आईला तेवढ्यावरून कळायचं की आज सुटका. तिच्या चेहऱ्यावरचा तो आराम मला अजून दिसतो. आता मोबाइलवर संदेश येतात, होड्यांवर यंत्रं आहेत. चांगलंच आहे. पण तो आवाज माणसाचा होता.

कॉलेजकट्टा

मी २१ वर्षांची. खरं सांगते, मी पणजी केंद्र कधीच लावलं नाही. आमच्या बसमध्ये मिर्ची ९८.३ नाहीतर इंडिगो ९१.९ नाहीतर बिग ९२.७ असतं. त्यांच्यावर बोलतात की. मग वेगळं काय आहे?

नैमित्तिक

छान विचारलंस, बाळा. खाजगी एफएमना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, तसा नियमच आहे. २०१९ च्या जानेवारीपासून आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावायची सोय झाली, इतकंच. त्यामुळे रस्ता बंद आहे का, भाताला खत कधी घालावं, पंचायतीचं काय झालं, हे तिथे बेतानंच येतं. तिथली मुलं बोलतात छान, त्यांचा वेग, त्यांची ऊर्जा मला आवडते. पण दोन गाण्यांमधल्या मिनिटभरात बोलणं वेगळं आणि वीस मिनिटं एका शेतकऱ्याला बोलू देणं वेगळं. तो मध्ये थांबतो, शब्द शोधतो. ती शांतता धरून ठेवायला धीर लागतो. या रविवारी आजीबरोबर लावून बघ.

कॉलेजकट्टा

नक्की. आजीला विचारलं तर तिनं श्रुतिकांची नावंच म्हणून दाखवली, एकामागून एक!

खाडीपलीकडे

वेंगुर्ल्याहून हजेरी. आम्ही गोव्याचे नाही, पण पणजी ऐकत मोठे झालो. संध्याकाळी मुंबई फटफटायची, पणजी खणखणीत. कोंकणी आम्हाला मालवणीमुळे कळते. बाजारभाव, सप्ताह, जत्रा सगळं ओळखीचं. सीमेची पाटी पत्रादेवीला, रेडिओला तिची दखल नाही.

दुरुस्तीवाला_म्हापसा

उशिरा आलो, माफ करा. सगळ्यांच्या आठवणी वाचल्या, पण घुरघुरीचं उत्तर कोणीच दिलं नाही. तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय, म्हणून विचारतो.

कुळागर, तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय: वीज नव्हती ते चार दिवस आवाज स्वच्छ होता. म्हणजे सेट चांगला आहे. घुरघुर तुमच्या घरातल्या विजेतून येतेय. पुरानंतर घरात काय नवीन लावलं?

कुळागर

अरे देवा. इन्व्हर्टर. पुन्हा चार दिवस अंधारात बसायची पाळी येऊ नये म्हणून मीच बसवला, सोप्यावर, खिडकीखाली. आणि जुने बल्ब काढून एलईडी लावले.

दुरुस्तीवाला_म्हापसा

सापडलं. मध्यम लहरीवर हा त्रास फार. स्वस्तातले एलईडी, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, सगळे त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. तुमचा रेडिओ इन्व्हर्टरच्या डोक्यावर बसलाय.

असं करा. आधी इन्व्हर्टर आणि घरातला मेन स्विच, दोन्ही बंद करून रेडिओ लावा. घुरघुर गेली तर निदान पक्कं. मग एकेक वस्तू चालू करत जा, कुठली ओरडते ते कळेल. रेडिओ त्या वस्तूपासून दहा-बारा हात लांब न्या. सोप्याच्या दुसऱ्या टोकाला किंवा न्हाणीच्या बाजूला, जिथे भिंतीत वायर कमी.

दुसरं, बाहेरची दांडीची एरियल पुसू नका, ती मध्यम लहरीला कामाची नाही. त्यासाठी सेटच्या आत काळी फेराइटची कांडी असते, तारेचं वेटोळं घातलेली, आडवी. तिच्या कुशीकडून आवाज चांगला येतो, टोकाकडून येत नाही. म्हणून सेट जागेवर हळूहळू गोल फिरवायचा. एका ठिकाणी घुरघुर एकदम खाली बसेल. तिथे थांबायचं आणि खाली खडूनं खूण करायची, म्हणजे आईंना रोज शोधायला नको. रात्री लांबची स्टेशनं मिसळतात, तेव्हा पहाटेच तपासा.

सेट टाकून देऊ नका, एवढी विनंती. जुन्या सेटचा आवाज नव्यात येत नाही.

शारजाहून

दादा, तुमच्या पोस्टची मी छापील प्रत काढून ठेवतोय. चवथीला येईन तेव्हा आमच्या घरचा बुश रेडिओ बघायला तुमच्याकडे घेऊन येतो.

कुळागर (२५ ऑगस्ट, दुपारी ३:१०)

आताच घरून निघालो, बांयकडे थांबून हे टाइप करतोय.

पहाटे आईबरोबर उठलो. इन्व्हर्टर आणि मेन स्विच, दोन्ही बंद केले. आई घाबरली, "परत गेली लायट?" आणि अंधारात रेडिओ लावला. स्वच्छ. मेन चालू केला, मग इन्व्हर्टर, आणि तो ओरडला. दोष माझ्या इन्व्हर्टरचा. रेडिओ उचलून सोप्याच्या दुसऱ्या टोकाला, भाताच्या कणग्यापाशी नेला. तिथे स्टुलावर ठेवून दादांनी सांगितलं तसं हळूहळू फिरवला. अर्ध्या फेऱ्यात घुरघुर मिटली. खडू नव्हता, आईनं चुलीतला कोळसा आणून दिला. स्टुलावर आता एक काळी रेघ आहे.

प्रादेशिक बातम्या चालू होत्या. आई स्टुलाजवळ उभी राहिली, हातात नारळाची कवड तशीच. पूर्ण बातम्या उभ्यानं ऐकल्या. मग मला म्हणाली, "तुज्या बाबाची ही जागा. तो हांगाच दवरतालो." बाबा असताना रेडिओ त्याच कोपऱ्यात असायचा, खिडकीत मी आणला होता, उजेड बरा म्हणून.

नैमित्तिक ताई, तुमचं वाचून दाखवलं. त्या आजींच्या ओव्या तिनं ऐकल्यात की नाही ते ती सांगू शकली नाही. पण ऐकता ऐकता तिचा हात मांडीवर गोल फिरू लागला आणि दोन ओव्या तिनंच म्हटल्या. मी फोनवर मुद्रण केलंय. मध्ये एकदा तिला खोकला आला. तो काढायचा की ठेवायचा, ते सांगा.